शिदोरी आणि सनद

मुंबईकडून दक्षिणेस निघालेली पॅसेंजर गाडी रोहा स्थानकात येऊन थांबते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या उतारूला त्या थांब्यात विशेष असे काहीच जाणवत नाही. वस्तुतः मध्य रेल्वेची हद्द याच स्थानकात संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. येथून पुढचा कारभार निराळा, अंमलदार निराळे, जमाखर्चाची दफ्तरे निराळी. तरीही गाडी जी एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत विनासायास जाते, ती दोन्हीकडच्या रुळांमधील अंतर तंतोतंत साडेपाच फूट राखलेले असते म्हणून. याच रोह्याला लागून, कुंडलिकेच्या पलीकडच्या तीरावर अष्टमी हे गाव आहे. नदीने विभागलेल्या या दोन वस्त्यांची नगरपरिषद एकच, आणि तिच्या नावात मात्र दोघींचीही नावे आहेत. एकीने दुसरीला पोटात घातलेले नाही. दोन संस्थांनी एकत्र यावे म्हणजे काय करावे, हे सांगण्यास याहून सोपा दृष्टान्त शोधू म्हटले तरी मिळणार नाही.

हा दृष्टान्त आठवण्याचे कारण असे की, अलीकडे प्रत्येक अध्यापक महाविद्यालयास परदेशातील एखाद्या विद्यापीठाशी संबंध जोडावासा वाटू लागला आहे. उच्च शिक्षणसंस्थांची प्रत ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात अशा संबंधांची दखल घेतली जाते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार केला आहे. तेव्हा ही इच्छा अस्वाभाविक नाही. परंतु बहुधा घडते असे की, कोणी परदेशस्थ पाहुणा येतो, शाल-श्रीफळ होते, सामंजस्य करारावर दोन स्वाक्षऱ्या होतात, छायाचित्र प्राचार्यांच्या दालनात लागते आणि करार फायलीत जातो. सनद मिळते, पण वाटेत खायला शिदोरी नसते. या लेखाचे म्हणणे एवढेच की, अशा कामात शिदोरी आधी बांधावी लागते आणि सनद मागाहून येते. आणि हे म्हणणे नवे नसून महाराष्ट्राने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतः अनुभवून पाहिलेले आहे.

अध्यापकांच्या शिक्षणाचा आपल्याकडील आरंभच मुळी परदेशाशी निगडित आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु त्या संबंधात देणारा एक आणि घेणारा दुसरा अशीच वाटणी होती. बरोबरीच्या नात्याने, मागणी आपली आणि योजनाही आपली, अशा थाटाने परदेशाशी शैक्षणिक व्यवहार करण्याचा पहिला मोठा मान पंडिता रमाबाईंचा आहे, आणि त्यांचा वृत्तान्त या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने बारकाईने पाहावा इतका बोधप्रद आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूने. ऐकण्याच्या दोषामुळे तो हेतू सोडावा लागला, तेव्हा चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात त्या इंग्रजी आणि शास्त्रविषय शिकू लागल्या आणि त्याच संस्थेत संस्कृत शिकवूही लागल्या. ही गोष्ट लहान दिसते, पण सगळे मर्म तिच्यात आहे: परक्या संस्थेच्या दारात त्या रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या नाहीत, तेथे ज्याची उणीव होती असे काही त्यांच्यापाशी होते आणि ते त्यांनी देऊ केले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथेच राहून त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. मातीचे गोळे, रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे यांच्या साह्याने लहान मुलाच्या हातून त्याच्या बुद्धीकडे जाण्याची ती पद्धत, केवळ पाठांतरावर चाललेल्या आपल्या शाळांना किती उपकारक होईल, हे त्यांनी तेथल्या वर्गात बसून पाहिले. पुढच्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याला तेथील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली यांची प्रस्तावना होती. हे पुस्तक म्हणजे मागणीपत्रच होते, परंतु त्यात याचनेचा सूर नव्हता. आपल्या समाजाची गरज काय, ती कशाने भागेल आणि त्याला किती खर्च येईल, हे परक्या वाचकाला कळेल अशा भाषेत मांडलेले होते.

त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. सभासदाने दरसाल एक डॉलर द्यावा आणि तो दहा वर्षे द्यावा, अशी तिची घटना. गावोगावी सभासदांची मंडळे, वर छापील वार्षिक अहवाल, आणि हिंदुस्थानात देखरेखीसाठी सल्लागार मंडळ. एखाद्या धनिकाची एकरकमी देणगी घेऊन मोकळे होण्यापेक्षा असंख्य सामान्य माणसांचा एकेक डॉलर दशकभर मिळवावा, यात केवढी दूरदृष्टी होती ते आजच्या प्रकल्पलेखकांनी पाहावे. मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली, हेतू ठरलेला आणि हिशेब उघडा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास गेले. विधवांनी शिकावे आणि शिक्षिका किंवा तत्सम होऊन स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्याचा उद्देश होता.

परंतु याच वृत्तान्तात एक इशाराही आहे. सदनात कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही, अशी अट करारात होती. बोस्टनच्या मंडळींनी तिचा अर्थ असा घेतला की, सक्ती नसावी आणि प्रत्येकीला आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याची मोकळीक असावी. पुण्याच्या सल्लागारांनी असा घेतला की, मुलींना ख्रिस्ती उपासनेचा वाराही लागू नये. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोष कोणाचा, हा वाद आपल्या विषयापुरता बाजूस ठेवू. धडा एवढाच की, करारातील एकच शब्द दोन समाजांत दोन अर्थांनी वाचला जाऊ शकतो, आणि तो अर्थ स्वाक्षरीपूर्वी उलगडून घेतला नाही तर नंतर तो फार महाग पडतो. दोन्हीकडचे रूळ एकाच लोखंडाचे असून भागत नाही. त्यांमधील अंतरही मोजून घ्यावे लागते.

आता या वृत्तान्ताचा पुढचा दुवा पाहा. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी ही होती. १८९३ मध्ये, योगायोगाने ११ मार्च याच तारखेस, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे, सर्वांच्या ‘बाया’, म्हणून ओळखली जाऊ लागली. बोस्टनच्या एका डॉलरवर ज्या विद्यार्थिनीचे शिक्षण उभे राहिले, तिचे घर पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या संस्थेचे आधारस्थान झाले. अशा संबंधांचे फळ कोणत्या फांदीवर लागेल, हे अहवालाच्या रकान्यात आधी लिहिता येत नाही ते असे. कर्व्यांच्या, म्हणजे अण्णासाहेबांच्या, हाती १९१५ च्या सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, त्यातून महिला विद्यापीठाची कल्पना त्यांच्या मनाने घेतली आणि १९१६ मध्ये ते विद्यापीठ उभे राहिले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळाही निघाली. एका पुस्तिकेने एवढे काम केले, कारण ती वाचणाऱ्याच्या पदरी वीस वर्षांचा स्वतःचा अनुभव होता. जपानची नक्कल करायची नव्हती, आपल्या प्रश्नाला जपानने दिलेले उत्तर पडताळून पाहायचे होते.

पुढे सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ च्या मार्चमध्ये, अण्णासाहेब युरोपास निघाले. इंग्लंडात माल्व्हर्न येथील प्राथमिक शिक्षकांची परिषद, जुलै-ऑगस्टात जिनिव्हाची शैक्षणिक परिषद, ऑगस्टात डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे न्यू एज्युकेशन फेलोशिपचा आंतरराष्ट्रीय मेळावा, त्यानंतर अमेरिकेचा दौरा आणि शेवटी टोकियोचे ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहून १९३० च्या एप्रिलात परत, असा तो प्रवास होता. जिनिव्हात ते ज्या विषयावर बोलले तो ध्यानात घेण्यासारखा आहे: स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा हिंदुस्थानातील प्रयोग. युरोपने आम्हांला काय शिकवावे, हा विषय त्यांनी घेतला नाही. आम्ही काय करून पाहिले, हे त्यांनी सांगितले. जवळ शिदोरी असलेला प्रवासीच असे बोलू शकतो.

स्वातंत्र्यानंतर हेच काम सरकारी पातळीवर गेले. १९६१ मध्ये एनसीईआरटी ही राष्ट्रीय परिषद स्थापन झाली, त्या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे साह्य होते. आणि अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांच्या उभारणीत ओहायो स्टेट विद्यापीठाचे तज्ज्ञ सहभागी होते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगात लंडन, टोकियो, मॉस्को येथील शिक्षणतज्ज्ञ सभासद होते आणि आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते. रोहेकरांना तर या काळाशी नाते सांगण्याचा खास अधिकार आहे, कारण १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारणारे चिंतामणराव देशमुख यांचे बालपण बव्हंशी रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले येऊन संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकणारा आणि पुढे कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारा हा गृहस्थ, दोन ज्ञानपरंपरांत एकाच वेळी घरच्यासारखे कसे वावरावे याचा नमुनाच होता.

ही झाली पूर्वपीठिका. आज रायगड जिल्ह्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या लहानशा बी.एड. महाविद्यालयाने परदेशाशी संबंध जोडायचा ठरवले, तर वाट कशी असते? प्रथम कायद्याची चौकट पाहू, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी परदेशी संस्थांबरोबर तीन प्रकारचे अभ्यासक्रम मान्य केले: काही भाग परदेशी संस्थेत शिकण्याचा जोड अभ्यासक्रम, दोघांनी मिळून दिलेली संयुक्त पदवी, आणि दोघांनी स्वतंत्रपणे दिलेली दुहेरी पदवी. नॅकचे किमान ३.०१ गुण असलेल्या भारतीय संस्थेस, जगातील पहिल्या १,००० मध्ये गणल्या जाणाऱ्या परदेशी संस्थेबरोबर असा करार करण्यास आयोगाची पूर्वपरवानगी लागत नाही. परंतु संलग्न महाविद्यालय पदवी देत नाही, पदवी विद्यापीठ देते. शिवाय अध्यापक-शिक्षणावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीटीईचे, नियंत्रण आहे, आणि दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमातील वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता चुकवून चालत नाही. तेव्हा लहान महाविद्यालयाने संयुक्त पदवीच्या मागे न लागता अध्यापकांचे आदानप्रदान, संयुक्त संशोधन आणि दूरस्थ सहाध्ययन हे मार्ग धरावेत. ते त्याच्या आवाक्यातले आहेत.

पैशाचा कायदा याहून कडक आहे. परदेशातून देणगी घ्यायची तर परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते. रमाबाईंचा एक डॉलर आज आला असता तर तोही दिल्लीमार्गेच आला असता. म्हणून ज्या सहकार्याला पैसा लागत नाही, किंवा ज्यात प्रत्येक बाजू आपापला खर्च आपण सोसते, तेथून आरंभ करणे शहाणपणाचे.

असे सहकार्य कोणते? एक उदाहरण जवळून पाहू. जपानी शाळांत ‘जुग्यो केंक्यू’ म्हणजे पाठाभ्यास नावाची फार जुनी रीत आहे. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ महिना-महिना तयार करतात. त्यांतील एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे उभे राहून पाहतात, आणि पाहतात ते शिक्षकाकडे नव्हे, मुलांच्या वह्यांकडे. नंतर चर्चा होते ती पाठाची. आपल्या छात्राध्यापकांचा सराव पाठ असतो तेव्हाही मागच्या बाकावर निरीक्षक बसतोच. परंतु पाठटाचणाच्या वहीत तो लिहितो ते बहुधा ‘फलकलेखन सुधारावे’, ‘आवाज वाढवावा’, ‘प्रस्तावना लांबली’ अशा थाटाचे, आणि छात्राध्यापिकेची दृष्टी मुलांकडून हळूहळू त्या वहीकडे वळते. आता समजा, अपूर्णांकांचा पाठ आहे. भाकरीचे चार तुकडे करून पाव, अर्धी, पाऊण दाखवण्याचे टाचण इकडच्या छात्राध्यापिकेने केले आणि तोच घटक परदेशातील विद्यार्थिनीने कागदाची पट्टी दुमडून घेतला; दोन्ही पाठांचे चित्रण परस्परांना पाठवले आणि ठरल्या वेळी दोन्ही वर्ग पडद्यासमोर बसले. कोकणात दुपारचे चार वाजतात तेव्हा हिवाळ्यात लंडनला सकाळचे साडेदहा आणि हेलसिंकीला दुपारचे साडेबारा झालेले असतात, म्हणजे तास जुळतो. बोस्टनला मात्र पहाटेचे साडेपाच असतात, तेव्हा तेथे एकाला गजर लावावा लागेल. या सगळ्याला खर्च म्हणाल तर जवळजवळ नाही. पण एका वर्षात अशा सहा बैठका झाल्या तर त्यातून जे टिपण तयार होईल, ते कोणत्याही समारंभी करारापेक्षा भारी ठरेल. सनद त्यानंतर मागावी. तेव्हा ती मिळते आणि टिकतेही.

राहिला प्रश्न, कुंडलिकेच्या काठावरील महाविद्यालयापाशी द्यायला काय आहे? पुष्कळ आहे. डोंगरकपारीच्या वाड्यांवर दोन शिक्षक चार इयत्ता एकाच छपराखाली कशा शिकवतात, हे शास्त्र येथे रोज घडते. स्कॉटलंडच्या बेटांवरील लहान शाळांनाही हाच प्रश्न पडलेला असतो. घरी कातकरी बोलणाऱ्या आणि पुस्तकात प्रमाण मराठी वाचणाऱ्या मुलांचा, आईबापांबरोबर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या मुलांचा वर्ग कसा सांभाळावा, याचा अनुभव घरची भाषा आणि शाळेची भाषा निराळी असलेल्या जगातील प्रत्येक देशाला हवा आहे. शेजारी पेण आहे. तेथील गणपतीच्या कारखान्यांत शाडूची माती मळणारा दहा वर्षांचा मुलगा प्रमाण, समतोल आणि आकारमान हातांनी शिकतो. त्याच पेण तालुक्यातील गागोदे गावी जन्मलेले विनोबा हातकामातून शिकवणाऱ्या गांधीजींच्या ज्या नई तालीमचे भाष्यकार झाले, तिच्या सेवाग्रामच्या केंद्रात मार्जरी साइक्ससारख्या इंग्रज शिक्षिका येऊन राहिल्या आणि त्यांनी तेथे अध्यापक घडवले. फिलाडेल्फियात रमाबाईंनी जे ठोकळे पाहिले, त्यांचे भाऊबंद येथे मातीत आहेत. फक्त कोणी शास्त्रशुद्ध नोंद केलेली नाही.

शिवाय परदेशातील ओळख शोधायला फार लांब जायला नको. कोकणातील बेने इस्रायली या ज्यू समाजात अष्टमकर हे आडनाव आहे, रोहेकरही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली या किनाऱ्यावर शतकानुशतके मराठी बोलत राहिले, आणि अमेरिकन मिशनने मुंबई व कुलाबा भागात आरंभी शाळा काढल्या तेव्हा त्यांतील काही शाळांत शिक्षक म्हणून बेने इस्रायलीच होते. आज त्यांची नातवंडे-पतवंडे इस्रायलात आहेत आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून मराठी आहे. ज्या गावाचे नाव आडनाव होऊन समुद्रापलीकडे गेले, त्या गावाला आंतरराष्ट्रीय संबंध अपूर्वाईचे वाटू नयेत. कुंडलिका जेथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याशेजारच्या चौलला पंधराव्या शतकात रशियाचा प्रवासी निकितिन उतरला होता; बाहेरचे जग या खोऱ्यात येऊन गेलेले आहे.

तेव्हा ज्या प्राचार्यांच्या मनात हा विचार घोळत असेल त्यांना एक विनंती. परदेशी विद्यापीठाला लिहायच्या पहिल्या पत्रात इमारतीचे क्षेत्रफळ, संस्थाचालकांची नावे आणि मिळालेले पुरस्कार लिहू नयेत. एका वाडीवरच्या शाळेत, एका दिवशी, एका छात्राध्यापिकेने घेतलेल्या पाठाचे टाचण जोडावे. तो कोठे फसला ते प्रामाणिकपणे लिहावे. आणि हाच घटक तुमच्याकडे कसा शिकवतात, एवढेच विचारावे. उत्तर देणारा शिक्षक भेटला की अर्धे काम झाले असे समजावे.